भिंत एकाची, चित्र दुसऱ्याचे, फोटो तुमचा. मग हक्क कुणाचा? रस्त्यावरच्या कलेचा फोटो वापरण्याआधी हे वाचा

भिवंडी : रंगवलेल्या भिंतीसमोर उभे राहायचे, मोबाइलवर फोटो काढायचा, फिल्टर लावायचा आणि स्टेटसला ठेवायचा. यात काही गैर आहे असे कुणाला वाटत नाही. भिंत रस्त्यावरची, चित्र येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसणारे आणि मोबाइल स्वतःचा. पण तोच फोटो दुकानाच्या सेलच्या बॅनरवर छापला तर? किंवा ड्रेस मटेरियलच्या जाहिरातीत मागे वापरला तर?

नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर असाच वाद आला होता. चित्र मुंबईतल्या भिंतीवरचे होते, वापर एका विमा कंपनीच्या होर्डिंगवर झाला होता. चित्र सार्वजनिक ठिकाणी आहे म्हणून ते कुणीही जाहिरातीत वापरावे, हे न्यायालयाने प्रथमदर्शनी मान्य केले नाही.

भिवंडीत हा प्रश्न लांबचा नाही. इथला कापड व्यापारी आज ग्राहकाला माल इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवतो. लहान बुटीक चालवणाऱ्या महिला घराजवळच्या चांगल्या भिंतीपुढे मॉडेल उभी करून कॅटलॉग तयार करतात. प्री-वेडिंग शूटसाठी रंगीत भिंती शोधल्या जातात. स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने राज्यातल्या शहराशहरांत भिंती रंगल्या, त्यामुळे अशा जागाही वाढल्या. म्हणून कोणता हक्क कुणाचा, हे आधी समजून घेतलेले बरे.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा

रस्त्यावरच्या कलेच्या एका फोटोत चार वेगवेगळे हक्क असू शकतात. भिंतीचा हक्क, भिंतीवरच्या चित्राचा हक्क, काढलेल्या फोटोचा हक्क आणि फोटोत दिसणाऱ्या माणसाचा हक्क. हे चारही बहुतेक वेळा चार वेगळ्या लोकांकडे असतात. एकाची परवानगी घेतली म्हणजे बाकीच्या तिघांची मिळाली, असे होत नाही. बरेचसे वाद इथेच सुरू होतात.

कला गॅलरीतून रस्त्यावर कशी आली?

मुंबईला फोटोग्राफीची जुनी परंपरा आहे. १८५४ मध्येच इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातल्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. पण पुढची अनेक वर्षे चित्र आणि फोटो पाहायचे तर गॅलरीत जावे लागे.

१९९९ मध्ये काळा घोडा कला महोत्सव सुरू झाला आणि दक्षिण मुंबईतला रस्ताच काही दिवसांसाठी प्रदर्शनाची जागा झाला. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या स्टार्ट इंडिया फाउंडेशनने मोठमोठ्या इमारतींच्या भिंती चित्रकारांना मिळवून दिल्या. त्याच वर्षी वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवर दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र उभे राहिले. २०१५ मध्ये धारावीच्या गल्ल्यांत धारावी बिनाले झाले. २०१७ मध्ये घाटकोपरजवळच्या असल्फा इथल्या टेकडीवरच्या वस्तीची घरे रंगली आणि मेट्रोतून जाणारे प्रवासी खिडकीतून त्यांचे फोटो काढू लागले.

२०१७ मध्येच कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये मोठा कला प्रकल्प झाला. १८७५ पासूनची ही गोदी म्हणजे मासळीचा बाजार. फ्रेंच कलाकार जेआर यांच्या 'इनसाइड आउट' या जागतिक उपक्रमातून तिथे गोदीत राबणाऱ्या माणसांचेच कृष्णधवल फोटो मोठ्या आकारात भिंतींवर चिकटवले गेले.

या सगळ्यात एक बदल झाला. गॅलरीतल्या चित्राखाली चित्रकाराचे नाव असते आणि फोटो काढायला अनेकदा मनाई असते. रस्त्यावरच्या चित्राखाली नाव शोधावे लागते आणि फोटो काढायला कुणी अडवत नाही. त्यामुळे असे चित्र कुणाच्याच मालकीचे नाही, असा समज पसरला. कायदा तसे मानत नाही.

मुंबईतले प्रकरण काय होते?

मेक्सिकोच्या चित्रकार पाओला डेल्फिन यांनी स्टार्ट इंडिया फाउंडेशनच्या उपक्रमात मुंबईत 'ह्युमॅनिटी' नावाचे भित्तिचित्र केले होते. अको जनरल इन्शुरन्स या कंपनीच्या जाहिरातीच्या होर्डिंगवर ते चित्र दिसले. जाहिरात समाजमाध्यमांवरही गेली. फाउंडेशनने परवानगी न घेता चित्र वापरल्याचा आक्षेप घेत दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली.

चित्र सार्वजनिक जागी असल्याने कायद्यातली सूट लागू होते, असा कंपनीचा बचाव होता. भित्तिचित्र जाहिरातीच्या होर्डिंगवर वापरणे या सवलतीत बसत नाही, असे मत न्यायालयाने प्रथमदर्शनी नोंदवले आणि समाजमाध्यमांवरच्या पोस्ट काढायला सांगितले. हा अंतरिम टप्प्यावरचा आदेश होता. तरीही जाहिरात करणाऱ्यांसाठी त्यातला इशारा स्पष्ट आहे.

पुतळ्याचा फोटो चालतो, मग चित्राचा का नाही?

इथे कॉपीराइट कायदा, १९५७ बारकाईने वाचावा लागतो. कलम ५२ मध्ये कोणत्या वापराला कॉपीराइटचा भंग म्हणायचे नाही, याची यादी आहे. त्यातले तीन मुद्दे आपल्या कामाचे.

• इमारत : वास्तूचा फोटो काढणे आणि प्रसिद्ध करणे चालते.

• पुतळा, शिल्प आणि कलाकुसरीच्या वस्तू : सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असतील तर फोटो काढणे आणि प्रसिद्ध करणे चालते.

• चित्रपट : सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेली कोणतीही कलाकृती चित्रपटात आली तर चालते.

दुसऱ्या मुद्द्यात रंगवलेल्या चित्राचा उल्लेख नाही. म्हणजे चौकातल्या पुतळ्याचा फोटो छापायला कायद्याने सरळ सूट दिली आहे; पण त्याच चौकातल्या भिंतीवर रंगवलेल्या चित्राच्या फोटोला तशी सूट नाही.

तिसरा मुद्दा आणखी गमतीचा आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार चित्रपट म्हणजे दृश्यांचे ध्वनिमुद्रणासह किंवा त्याशिवाय केलेले मुद्रण. त्यामुळे मोबाइलवरचा व्हिडिओही त्या व्याख्येच्या जवळ जातो आणि तिथे 'कोणतीही कलाकृती' असे शब्द आहेत. एकाच भिंतीच्या स्थिर फोटोला एक नियम आणि व्हिडिओला दुसरा, असे चित्र त्यातून उभे राहते. पण या फटीच्या भरवशावर जाहिरातीचे रील बनवणे धोक्याचे. मुंबईच्या प्रकरणात कंपनीने या तरतुदीचाही आधार घेतला होता आणि होर्डिंगच्या बाबतीत तो प्रथमदर्शनी टिकला नाही.

मग भिंतीपुढे सेल्फी काढायचा की नाही?

जरूर काढा. खासगी किंवा वैयक्तिक वापर, अभ्यास, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी योग्य मर्यादेतल्या वापराला याच कलमात सूट आहे. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, चित्रकलेच्या प्रोजेक्टमध्ये लावला किंवा चित्राबद्दल बातमी केली, तर घाबरण्याचे कारण नाही.

अडचण सुरू होते ती धंद्याशी जोड आल्यावर. बॅनर, पॅकिंग, कॅटलॉग, कॅलेंडर, टी-शर्टवरची छपाई, पैसे देऊन चालवलेली ऑनलाइन जाहिरात हे सगळे वैयक्तिक वापरात बसत नाही. चित्रातला आकार उचलून कापडावर छापणे ही तर त्याहून पुढची पायरी. तिथे फोटोचा प्रश्न बाजूला राहतो आणि थेट चित्राची नक्कल होते.

जुन्या कलाकृतींना हा अडसर नाही. चित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षांपर्यंत कॉपीराइट टिकतो. भिवंडी तालुक्यातल्या लोनाडच्या प्राचीन लेण्यांतल्या शिल्पांवर आज कुणाचाच कॉपीराइट नाही. पण गेल्या वर्षी रंगलेल्या भिंतीचा हक्क आपल्या नातवंडांच्या काळापर्यंत जिवंत राहू शकतो.

चित्राचा मालक कोण : चित्रकार, सोसायटी की महापालिका?

भिंत ज्याची त्याचेच चित्र, असे नसते. चित्रकाराने स्वतःहून, मोबदला न घेता चित्र काढले असेल तर पहिला हक्क त्याचा. सोसायटीने भिंत दिली म्हणून सोसायटी कॉपीराइटची मालक होत नाही.

पैसे देऊन काम करून घेतले असेल तर गणित बदलते. कलम १७ नुसार मोबदला देऊन एखादे चित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर काम सांगणारी व्यक्ती पहिली मालक ठरते. सरकारी कामात सरकार पहिले मालक. कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या देखरेखीखाली झालेल्या कामासाठीही अशीच तरतूद आहे. त्यामुळे महापालिकेने काम देऊन रंगवून घेतलेल्या भिंतीचा कॉपीराइट, करारात वेगळे लिहिले नसेल तर, चित्रकाराकडे राहीलच असे नाही.

या सगळ्याला करार हे उत्तर आहे. चित्र किती वर्षे ठेवणार, त्याचा फोटो कोण वापरू शकतो, जाहिरातीसाठी मागणी आली तर पैसे कुणाला, हे तीन मुद्दे एका कागदावर लिहून घेतले तर पुढचा बराच त्रास वाचतो. भिंत रंगवायला आलेल्या तरुण चित्रकाराच्या हातात बहुतेक वेळा असा कागद नसतो.

आणि फोटोचा मालक कोण?

कायद्यानुसार फोटो काढणारी व्यक्ती फोटोची कर्ती. म्हणून दुसऱ्याच्या पेजवरचा फोटो डाउनलोड करून स्वतःच्या दुकानाच्या पोस्टमध्ये वापरला तर तिथेही परवानगी लागते. खाली 'फोटो सौजन्य : गूगल' असे लिहिल्याने काही फरक पडत नाही. गूगल फोटो शोधून देते, काढत नाही.

पण इथेही मोबदल्याचा नियम आहे. लग्नाच्या फोटोग्राफरला पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्या कुटुंबाकडे जातो. नवरा-नवरीचे फोटो स्टुडिओच्या जाहिरातीत लावायचे असतील तर स्टुडिओने आधी विचारायला हवे. अनेक स्टुडिओ बुकिंगच्या कागदावरच तशी परवानगी लिहून घेतात. सही करण्यापूर्वी ती ओळ वाचा.

फोटोंच्या मुदतीचा नियमही बदलला आहे. पूर्वी फोटो प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे मोजली जात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोलाही चित्रासारखाच, कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षांचा नियम लागू झाला. या हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. फोटो काढला की हक्क तयार होतो. नोंदणी केली तर वादाच्या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडते, इतकेच.

भिंतीवरचे चित्र पुसले तर?

कॉपीराइट विकला तरी कलाकाराकडे दोन हक्क उरतात. कलम ५७ नुसार ते असे : आपले नाव कर्ता म्हणून लावण्याचा हक्क आणि कलाकृतीची आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा किंवा त्याची भरपाई मागण्याचा हक्क.

याचे देशातले गाजलेले उदाहरण म्हणजे शिल्पकार अमरनाथ सहगल यांचा खटला. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी त्यांनी सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंचीचे ब्राँझचे भित्तिशिल्प केले होते. १९७९ मध्ये ते भिंतीवरून उतरवले गेले आणि त्याची हानी झाली. सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश केंद्र सरकारला दिला. शिल्प सरकारने विकत घेतलेले होते, तरीही.

मात्र हा निकाल प्रत्येक पुसलेल्या भिंतीला लागू होईल असे समजू नका. दिल्लीच्या प्रगती मैदानातले 'हॉल ऑफ नेशन्स' २०१७ मध्ये पाडले, तेव्हा वास्तुविशारद राज रेवाल यांनी याच कलमाचा आधार घेतला होता. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. जागेच्या मालकाला स्वतःची इमारत पाडण्यापासून रोखता येणार नाही, असे म्हटले. रस्तारुंदी, पुलाची दुरुस्ती किंवा इमारतीचा पुनर्विकास यांत जाणाऱ्या भिंतीचे चित्र या दोन निकालांच्या मध्ये कुठेतरी येते. चित्रकाराला आधी कळवणे आणि चित्राची नीट छायाचित्रे काढू देणे, एवढे तरी करता येते.

फोटोतल्या माणसाचे काय?

हा चौथा हक्क आणि भिवंडीत तो सर्वांत महत्त्वाचा. फोटोग्राफीचा छंद असलेल्यांना हे शहर खुणावते. मागांच्या ओळी, झरोक्यातून येणारा उजेड, हवेत उडणारा कापसाचा तंतू आणि त्यात उभा कामगार. असे फोटो चांगले दिसतात. पण लूमचा कारखाना म्हणजे रस्ता नव्हे. ती खासगी जागा आहे, आत जायला मालकाची परवानगी लागते. आणि मालक 'काढा फोटो' म्हणाला म्हणजे कामगाराने होकार दिला असे होत नाही. शेठच्या समोर नाही म्हणणे त्याला जमत नाही, हेही फोटो काढणाऱ्याने ओळखायला हवे.

सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा देशात नाही. पण त्या फोटोचा वापर ही वेगळी बाब. एखाद्याचे नाव किंवा चेहरा त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीसाठी वापरणे हा खासगीपणाचा भंग ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आर. राजगोपाल प्रकरणात म्हटले होते. २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा असल्याचे एकमताने स्पष्ट केले. हा हक्क फक्त नटनट्यांचा नाही. मागावर उभ्या असलेल्या माणसाचाही तो तितकाच आहे.

चांगले कामही आपल्याकडे आहे. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे आयुष्य वर्षानुवर्षे कॅमेऱ्यात टिपले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ससून डॉकच्या उपक्रमात गोदीतल्या माणसांचे चेहरे त्यांच्याच कामाच्या जागी लागले. ज्याचा फोटो तो रोज येता-जाता तो पाहू शकत होता. दोन्ही ठिकाणी फोटोतला माणूस हा कामाचा विषय होता. कुणाच्या मालाच्या जाहिरातीमागचा पडदा म्हणून त्याला उभे केलेले नव्हते.

आपले चित्र किंवा फोटो कुणी वापरला तर काय करावे?

• आधी पुरावा जपा. मूळ फाइल, काढल्याची तारीख, काम चालू असतानाचे फोटो आणि समोरच्याच्या पोस्टचा स्क्रीनशॉट ठेवा.

• लेखी कळवा. अनेकदा चूक अजाणतेपणी झालेली असते आणि नाव देऊन किंवा मोबदला देऊन विषय मिटतो.

• समाजमाध्यमांवर कॉपीराइट तक्रारीचा अर्ज असतो, तो भरा. कायद्यानुसार अशी लेखी तक्रार आल्यावर मजकूर २१ दिवस रोखून धरण्याची तरतूद आहे. त्यानंतर रोख कायम ठेवायची तर न्यायालयाचा आदेश लागतो.

• दिवाणी दाव्यासाठी समोरच्याच्या शहरात जाण्याची सक्ती नाही. कलम ६२ नुसार हक्कधारक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा करता येतो. भिवंडीकरांसाठी ते ठाणे.

• जाणूनबुजून केलेल्या भंगाला फौजदारी शिक्षाही आहे. कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

थोडक्यात : जाहिरातीत फोटो वापरण्याआधी हे चार प्रश्न विचारा

१. भिंत कुणाची? सोसायटी, महापालिका, रेल्वे की खासगी मालक? रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागते.

२. चित्र कुणाचे? कोपऱ्यात सही किंवा इन्स्टाग्राम खात्याचे नाव असते, ते बघा. नसेल तर भिंतीच्या मालकाला विचारा.

३. फोटो कुणी काढला? स्वतः काढला नसेल तर काढणाऱ्याची लेखी परवानगी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्पष्ट होकारही उपयोगी पडतो.

४. फोटोत कोण दिसते? ओळखू येणारा चेहरा असेल तर त्या माणसाला वापर नेमका कशासाठी आहे ते सांगून होकार घ्या. लहान मूल असेल तर पालकांचा.

चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल तर जाहिरातीसाठी साधी, कोरी भिंत वापरा.

महापालिकांनाही यात करण्यासारखे एक काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. भिंत रंगवण्याचे काम देताना खालच्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव लिहायची अट घालायची. नाव लावण्याचा हक्क कायद्याने दिलेलाच आहे. ते नाव दिसले तर फोटो काढणाऱ्याला कुणाला विचारायचे ते कळेल, दुकानदाराची चूक टळेल आणि भिवंडीतल्या एखाद्या पोराने रंगवलेल्या भिंतीमुळे त्याला पुढचे काम मिळेल.